औषधाच्या बाटलीआधी वही उघडा



या सदरात आपण रेशनकार्डावरील नावे, शाळेचे फॉर्म, घरखर्चाची जुळवाजुळव अशा विषयांवर बोलत असतो. आज मात्र एका आजारी माशाविषयी लिहितो आहे. मासा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उत्तनचे बोंबील येतात. परंतु हा मासा काचेच्या टँकमधला होता, आणि त्याच्याशी एका होतकरू मुलाची रोजीरोटी जोडलेली होती.

आमच्या वस्तीत, भाईंदर पूर्वेला, एक ताई धुणीभांडी करून संसार चालवतात. त्यांचा मुलगा लहान असताना शाळेच्या सहलीबरोबर चर्नी रोडचे तारापोरवाला मत्स्यालय पाहून आला होता. १९५१ साली सुरू झालेले हे मत्स्यालय २०१५ साली नवे रूप घेऊन पुन्हा उघडले, त्या वेळची ही गोष्ट. तेव्हापासून त्याला माशांचा नाद लागला. बारावीनंतर तो मीरा रोडच्या मोठ्या संकुलांत घरोघरचे फिशटँक साफ करू लागला. काच घासायची, फिल्टर धुवायचा, पाणी बदलायचे. अशाच एका गिऱ्हाईकाने परगावी जाताना आपला समुद्री पाण्याचा टँक त्यालाच देऊन टाकला. अडीच फूट लांब, सुमारे ९० लिटर पाण्याचा. आत सहा वर्षांपासून असलेला एक क्लाउनफिश. केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला हा मासा २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटापासून लहान मुलांनाही ‘निमो’ म्हणून ठाऊक आहे.

दहा बाय बाराच्या खोलीत शिलाई मशीन हलवून टँक मांडला गेला. ताई कुरकुरल्या. पण मुलाचे म्हणणे असे, की गोड्या पाण्याचे टँक कोणीही साफ करतो. समुद्री टँक सांभाळता आला तर दुप्पट मोलाची कामे मिळतील. म्हणजे तो टँक म्हणजे त्याची शाळाच होती.

एका रविवारी सकाळी तो दारात उभा.

“काका, जरा घरी चला. मासा मरतोय.”

“अरे, मी कारकून माणूस. मला माशातलं काय कळणार?”

“तुम्ही हिशोबातली चूक शोधून काढता ना, तसं बघा.”

गेलो. टँकच्या कोपऱ्यात, पंपाजवळ, मासा वरच्या बाजूला तरंगत धापा टाकत होता. मुलाच्या हातात एक कॅप्सूल होती. घडले होते ते असे. एकट्या माशाला सोबत म्हणून त्याने बाजारातून दुसरा लहान क्लाउनफिश आणला आणि थेट टँकमध्ये सोडला. चौथ्या दिवशी नवा मासा खायचा थांबला. कोणी तरी सांगितले, टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाक. याने टाकली. मासा रात्रीत मेला आणि सकाळपर्यंत दगडामागे पडून राहिला. आता जुन्या माशाचीही तीच गत, आणि हा दुसरी कॅप्सूल फोडायला निघालेला.

मी म्हटले, “ती आधी खाली ठेव. आणि वही आण.”

रोजमेळ जुळत नसेल तर कारकून अंदाजाने रक्कम भरत नाही. तो एकेक नोंद तपासतो. आजाराचेही तसेच आहे. ताप आला की रक्त न तपासता गोळ्या घेणारे आपल्यात कमी नाहीत. ताप मलेरियाचा, टायफॉइडचा की साधा, हे कळण्याआधीच अर्धे पाकीट संपलेले असते. माशाला तर बोलताही येत नाही. त्याची वही आपणच लिहायची.

पहिली नोंद तारखांची. नवा मासा कधी आला, कधी सुस्तावला, औषध कधी पडले, जुना मासा कधी बिघडला. एवढे चार आकडे लिहिताच मुलगा म्हणाला, “म्हणजे काका, रोग नव्या माशाबरोबर आला.” बरोबर. सहा वर्षे ठणठणीत असलेला मासा आठवड्यात उगाच आजारी पडत नाही.

दुसरी नोंद पाण्याची. मासा धापा टाकतो तेव्हा दोष माशात असेल किंवा पाण्यात. म्हणून पाणी आधी तपासायचे. जुन्या मालकाने दिलेल्या खोक्यात तपासणीच्या बाटल्या न उघडता पडून होत्या. तापमान २७ अंश, ठीक. हायड्रोमीटरवर खारटपणा १.०२५, तोही ठीक. अमोनिया मात्र ०.५ दाखवत होता. तो शून्य असायला हवा. माशांची विष्ठा, उरलेले खाणे आणि कुजणारे काहीही यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले आणि दगडांवरचे उपकारक जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो. इथे मेलेला मासा रात्रभर कुजला, वर जंतुनाशक औषध पडले. जंतू मारायचे औषध टँकमध्ये ओतले की आपल्या कामाचे जिवाणूही धोक्यात येतात. शिवाय समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम टेट्रासायक्लिनला बांधून ठेवतात, त्यामुळे त्याचा जोर तसाही कमी पडतो. पैसे गेले, गुण नाही.

पाणी बदलायचे ठरले. ताई म्हणाल्या, “भाऊ, खाडी हाकेच्या अंतरावर आहे, दोन बादल्या आणू का? नाही तर मिठागराचं खडेमीठ टाकू?” प्रश्न चांगला होता. पण खाडीच्या पाण्यात गाळ आणि सांडपाणी असते, आणि पावसाळ्यात गोडे पाणी मिसळून त्याचा खारटपणा उतरतो. खडेमिठाचेही उत्तर मिठागरातच आहे. वाफ्यात मीठ धरते तेव्हा मॅग्नेशियम, पोटॅशियमचे बरेचसे क्षार मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतात. म्हणजे खडेमीठ पाण्यात विरघळवले तरी त्याचा पुन्हा समुद्र होत नाही. त्यासाठी टँकसाठीचे तयार समुद्री मीठ लागते, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. २० लिटर बदलायचे तर ७०० ग्रॅम. नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवायचे, मीठ पूर्ण विरघळू द्यायचे, तापमान जुळवायचे, मगच ओतायचे. आणि रोज टँकचे पाणी आटते तेव्हा फक्त पाणी उडते, मीठ आतच राहते. ती भर गोड्या पाण्यानेच करायची.

तिसरी नोंद अंगाची. खोलीतला दिवा मालवला आणि मोबाईलचा टॉर्च बाजूने धरला. इथे तीन रोगांची ओळख असावी लागते, कारण तिन्हींत मासा धापा टाकतो आणि तिन्हींना लोक सरसकट ‘पांढरा रोग’ म्हणतात.

अंगावर आणि परांवर मिठाच्या कणासारखे, मोजता येतील असे सुटे ठिपके असतील तर तो क्रिप्टोकॅरिऑन. याची लबाडी अशी, की काही दिवसांत ठिपके आपोआप गळतात. माणसाला वाटते औषध लागू पडले. प्रत्यक्षात तो परजीवी तळाला जाऊन कवच करतो, तिथे एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा माशावर चढतात.

ठिपके मोजताच येत नाहीत, बाजूने उजेड टाकला की पिठासारखी किंवा सोनेरी धुळीसारखी बारीक साय दिसते, मासा उजेड टाळतो, तर तो वेल्वेट. हा फार घाईचा रोग. एक-दोन दिवसांत मासा जातो. या दोन्ही रोगांवर तांब्याचे औषध चालते, पण वेगळ्या टँकमध्ये आणि तांब्याचे प्रमाण रोज मोजून. मुख्य टँकमध्ये ते ओतले तर कोळंबी, शिंपले, प्रवाळ सगळे मरतात.

आणि ठिपकेही नाहीत, धूळही नाही, पण अंगावर शेंबडासारखा चिकट पांढुरका थर, रंग फिका, जागोजागी कातडी सोलल्यासारखी लोंबते, तर तो ब्रुकलिनेला. क्लाउनफिशला हा इतका होतो की त्याला ‘क्लाउनफिशचा रोग’ असेच म्हणतात. समुद्रातून पकडून चार हातांतून फिरत आलेल्या, दमलेल्या माशांत तो विशेष आढळतो.

मुलाने टॉर्च धरला, बराच वेळ पाहिले आणि हळूच म्हणाला, “ठिपके नाहीत. साल निघतेय.”

निदान झाले. रोग परजीवीचा, जिवाणूंवरचे औषध त्याला लागूच नव्हते. दुसरी कॅप्सूलही वायाच गेली असती.

उपाय मुलाने एकट्याने केला नाही, हे मुद्दाम सांगतो. टँकच्या धंद्यात वीस वर्षे काढलेल्या एका जाणकाराला त्याने त्याच सकाळी बोलावले. त्यांनी आधी माशाला काही मिनिटे गोड्या पाण्यात ठेवले. पाणी क्लोरीन नसलेले, त्याच तापमानाचे, चिमूटभर खाण्याचा सोडा घालून सामू जुळवलेले, आणि हवेचा पंप चालू. गोड्या पाण्यात अंगावरचे बरेच परजीवी फुटतात, पण हा तात्पुरता आराम. खरा इलाज फॉर्मालिनचा. ते विषारी आहे, त्याच्या वाफा माणसालाही घातक. म्हणून उघड्या गॅलरीत, हातमोजे घालून, मुलाबाळांना दूर ठेवून, वेगळ्या टबात मोजून दिले. फॉर्मालिनने पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून हवा जोरात सोडली. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेले जुने फॉर्मालिन तर मुळीच वापरायचे नसते. वाचकांनी हे घरी स्वतः करून पाहू नये.

मासा वेगळ्या टबात राहिला. मुलगा रोज सकाळ-संध्याकाळ मिनिटाला कल्ले किती वेळा हलतात ते मोजून वहीत लिही. पहिल्या दिवशी आकडा इतका मोठा, की मोजताना चुकत असे. पाचव्या दिवशी मासा कोळंबीचा तुकडा खाऊन गेला. ताई कामावरून आल्या आणि चप्पल काढायच्या आधी त्यांनी विचारले, “खाल्लं का त्याने?” ज्यांनी मशीन हलवताना कुरकूर केली होती, त्याच या ताई. मुख्य टँक दीड महिना माशाविना चालू ठेवला, म्हणजे उरलेले परजीवी यजमानाविना संपावेत.

वाचकहो, हा मासा काही आपल्या खाडीतला नाही. अंदमानच्या प्रवाळांत तो सापडतो. पण आता तो समुद्रातूनच ओरबाडून आणावा लागतो असे नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास टाक्यांत करण्याचे तंत्र बसवले आहे, आणि आपल्या ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी उभी राहिली. विकत घेणाऱ्याने दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा, की हा मासा टाकीत जन्मलेला की समुद्रातून पकडलेला? दुसरे, दुकानदारासमोर तो खातो का ते पाहावे. तिसरे, घरी आणल्यावर चार आठवडे वेगळ्या टबात ठेवावा. नीट सांभाळलेला क्लाउनफिश वीस वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा घेण्याआधी खर्चाचाही हिशोब मांडावा. समुद्री मीठ, तपासणीच्या बाटल्या, वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप. हे जमणार नसेल तर घेऊ नये. त्यात कमीपणा काही नाही.

मेलेल्या लहान माशाची नोंद त्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे. मुलाने ती स्वतःच्या हाताने लिहिली: “न तपासता औषध टाकले.” मी म्हटले, “खोडून टाक रे, लहान होतास तेव्हा.” तो म्हणाला, “महिनाच झालाय काका. राहू द्या.”

आता मीरा रोडच्या प्रत्येक गिऱ्हाईकाच्या टँकजवळ त्याने एकेक वही टांगली आहे. तारीख, तापमान, खारटपणा, अमोनिया, नवे काय आले. मागच्या महिन्यात त्याला समुद्री टँकचे पहिले काम मिळाले. तिथल्या बाईंनी विचारले, “औषधं कोणती आणू?” त्याने सांगितले, “आधी एक वही आणा.”