औषधाची चिठ्ठी आणि उत्तरदायित्व

डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांना औषधे लिहून देण्याचा अधिकार असावा काय, हा वाद आपल्याकडे बहुधा दोन टोकांवरून लढविला जातो. एका पक्षाला त्यात वैदूगिरीला मिळणारी राजमान्यता दिसते, तर दुसऱ्याला डॉक्टरांच्या तुटवड्यावरील रामबाण उपाय. वस्तुतः हा अधिकार कोणत्या मर्यादेत आणि कोणाच्या जबाबदारीवर द्यावा, हाच खरा प्रश्न आहे.

तुटवडा आजचा नाही. स्वातंत्र्यपूर्व काळात अल्प मुदतीचे शिक्षण घेतलेले परवानाधारक वैद्यक-व्यवसायी येथे होते. १९४६ साली भोर समितीने हा वर्ग बंद करून एकाच दर्जाचे पदवीधर डॉक्टर घडविण्याची शिफारस केली. हेतू स्तुत्य होता. परंतु पदवीसाठी खर्ची पडलेली वर्षे आणि पैसा शहरातच भरून निघतो, हा व्यवहार त्यामुळे बदलला नाही. खेड्यातील रिकामी जागा बऱ्याच ठिकाणी बिनपरवाना इलाज करणाऱ्यांनी व्यापली. गरज असते तेथे पुरवठा होतोच. तो कायद्याच्या कक्षेत व्हावा की बाहेर, एवढेच शासनाच्या हाती असते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या (२०१९) कलम ३२ने मर्यादित परवान्याची तरतूद केली. अशा परवानाधारकांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एकतृतीयांशाहून अधिक असू नये; प्राथमिक व प्रतिबंधक उपचारांत त्यांनी विहित औषधे स्वतंत्रपणे द्यावीत, अन्यत्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावीत, असे हे कलम सांगते. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्याविरुद्ध जुलै २०१९मध्ये देशव्यापी संप पुकारला. त्या विरोधात व्यवसायाचे हितसंबंध नव्हतेच, असे म्हणता येणार नाही. तथापि, पात्रता कोणती आणि औषधे कोणती, हे कळीचे मुद्दे कायद्याने विनियमांवर सोपविले, हा आक्षेप रास्तच होता.

या बाबतीत ब्रिटनचा क्रम उद्बोधक आहे. तेथे परिचारिकांना औषधे लिहू देण्याची सूचना १९८६ साली पुढे आली, कायदा १९९२ साली झाला आणि १९९४ साली मोजक्या ठिकाणी, मोजक्या औषधांनिशी प्रयोग सुरू झाला. विशेष प्रशिक्षित परिचारिका व औषधनिर्माते यांना बहुतेक सर्व औषधांची मुभा मिळण्यास २००६ साल उजाडले. ही पात्रता व्यावसायिक नोंदवहीत नोंदली जाते. म्हणजे आधी शिक्षण आणि उत्तरदायित्व, मग अधिकार.

आपल्याकडे घाईने हा क्रम उलटल्यास प्रतिजैविकांचा आधीच बोकाळलेला गैरवापर वाढेल. म्हणून औषधांची यादी आखीव असावी, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असावा आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याला विक्रीतून कवडीचाही लाभ नसावा. रुग्ण औषधाची पारख करू शकत नाही. या बाजारात तो सर्वांत दुबळा ग्राहक असतो. या अटी डॉक्टरांनाही लागू केल्या, तर त्याचे हित अधिकच साधेल. अन्यथा शहराला डॉक्टर आणि खेड्याला त्याचा स्वस्त पर्याय, एवढाच या सुधारणेचा अर्थ उरेल.