चार तळहातांची जागा

चपला घ्यायच्या म्हटल्या की आपण चार दुकाने पालथी घालतो. मोटारीचे टायर मात्र दुकानदार देईल ते! वास्तविक धावती मोटार जमिनीला टेकते ती चारच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण जेमतेम तळहाताएवढे. तेवढ्या आधारावर अख्खे कुटुंब बसलेले असते.

हे मला नीट उमगले ते पुतण्यामुळे. स्वारी नोकरीनिमित्त चेन्नईत असते आणि आपली रोजचीच मोटार अधूनमधून इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर पळवते. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. ही शर्यत नव्हे. पैसे भरावेत, हेल्मेट घालावे आणि हमरस्त्यावर जो वेग गुन्हा ठरतो तो तिथे राजरोस अनुभवावा.

त्याने मला टायरच्या कडेवरचे अंक वाचायला शिकवले. शेवटचे चार अंक म्हणजे जन्मतारीख. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरांवर झिजेचाही अंक असतो. साधारणपणे २०० म्हणजे मऊ रबर, घट्ट पकड आणि अल्प आयुष्य. ५०० म्हणजे दीर्घायुषी, पण पकड बेताची. मात्र हा अंक कंपनीच ठरवते, तेव्हा दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये.

“मग सर्वांत मऊ घे की!” मी म्हणालो.

“काका, त्याच टायरांवर घरी यायचं असतं,” तो म्हणाला.

खरेच आहे. उथळ खाचांचा टायर कोरड्या ट्रॅकवर झकास. पण पाणी वाहून जायला वाट नसली की मोटार पाण्यावर तरंगते. आणि चेन्नईचा पाऊस येतो तो नेमका दिवाळीच्या सुमारास! त्याने मऊ रबराचे, पण खोल खाचांचे टायर घेतले.

ट्रॅकवर पहिली फेरी सावकाश, रबर तापेपर्यंत. ब्रेक सरळ रस्त्यावर दाबायचा, मग वळायचे. कारण त्या तळहाताएवढ्या पकडीतच दोन्ही कामे भागवायची असतात. टायर हलके कुरकुरला तर ठीक, किंचाळू लागला की वेग उतरवायचा.

सकाळी ३२ पौंड भरलेली हवा चार फेऱ्यांत ३८ झाली. त्याने ती ३४ वर आणली. पण टायर निवले की तीच २८ च्या आसपास उतरणार! म्हणून घरी निघण्यापूर्वी टायर निवू देऊन, पुन्हा ३२ भरूनच त्याने सूनबाईंना आणि छोटीला गाडीत बसवले. वेगापेक्षा मला त्याचे हे शहाणपण भावले.

वाचकहो, भाऊबीजेला निघण्यापूर्वी आपणही जरा वाकून पाहा. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले, की खाच उरते अवघी १.६ मिलिमीटर. मग टायर बदलावेत. बहीण वाट पाहत असते.