फॉरमॅट मारण्याआधी

19 जुलै 2024 च्या सकाळी पावणेदहाच्या सुमारास संगणक-सुरक्षा पुरवणाऱ्या क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या ग्राहकांच्या विंडोज संगणकांवर एक छोटीशी फाइल पाठवली. फाइलमधली माहिती एकवीस रकान्यांची, ती तपासणाऱ्या प्रोग्रामकडे रकाने वीसच. एकविसावा शोधताना ड्रायव्हरने भलत्याच मेमरीत हात घातला आणि पडदे निळे झाले. सव्वा तासात फाइल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणक कोसळले होते. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. सरकारी कार्यालयांना जोडणारे एनआयसीचे जाळे मात्र सुरळीत होते. मग गडचिरोलीने त्याची चिंता का करावी? कारण दोष एका कंपनीपुरता नाही. 2010 साली मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच फाइल व्हायरस ठरवली होती. प्रत्येक फाइल उघडताना तपासायची म्हणून अँटिव्हायरसचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो. साधा प्रोग्राम बिघडला तर तेवढाच बंद पडतो. हा बिघडला तर अख्खा संगणक थांबतो. शिवाय तो सुरुवातीलाच चालू होत असल्याने, इंटरनेट जोडले जाण्याआधीच संगणक बहुधा पुन्हा कोसळतो. म्हणून पुण्या-मुंबईत बसून दुरुस्ती होत नाही. यंत्रासमोर माणूसच लागतो.

तो माणूस भामरागडला, सिरोंचाला, कोरचीला आहे का, हा खरा प्रश्न. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. इंजिनिअर कुठून येणार? त्या जुलैतला उपाय तसा सोपा होता: सेफ मोडमध्ये जा, एक फाइल काढून टाका. पण डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असेल तर आधी अठ्ठेचाळीस आकडी चावी लागते, आणि ती बहुधा मुख्यालयात असते. आपल्याकडचा रामबाण उपाय ठरलेला आहे, फॉरमॅट मारणे. त्यात अर्ज, दाखले, नोंदी जातात आणि दोष कोणत्या ड्रायव्हरचा होता, त्याचा पुरावाही जातो. निळ्या पडद्यावर पुष्कळदा त्या ड्रायव्हरचे नाव असते. मिनिडंप नावाच्या फोल्डरमध्येही माग उरतो. एकाच यंत्रावर दोन अँटिव्हायरस कोंबलेले असतील, तर संशयित शोधायला लांब जायलाच नको.

मग अँटिव्हायरसच काढून टाकावा? ज्या कार्यालयांत पेनड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो, तिथे हा सल्ला घातक आहे. त्यापेक्षा अपडेट आधी थोड्या यंत्रांवर, मग सगळीकडे द्यावे. त्याने नव्या व्हायरसला फट मिळते, हा आक्षेप खरा आहे. पण ती फट काही तासांची. बंद कार्यालय मात्र दिवसच्या दिवस बंद राहते. खुद्द क्राउडस्ट्राइकनेही नंतर टप्प्याटप्प्याचीच वाट धरली. खरेदीच्या निविदेत ही अट हवी आणि दुर्गम तालुक्यांचा टप्पा शेवटचा हवा. राहिली बिटलॉकरची चावी. ती तालुक्यात ठेवली तर फुटेल, असे अधिकारी म्हणतील. मोहोरबंद पाकिटात, तहसीलदारांच्या ताब्यात ती ठेवता येते, आणि पाकीट एकदा उघडले की नवी चावी तयार करता येते.