जुन्या कॅमेऱ्याची पाठचिकित्सा

जपानी बनावटीच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांना सध्या पुन्हा मागणी आली आहे. किमती वाढल्या आहेत आणि त्यांना नवे कातडे चढवून, पत्रा चकचकीत करून, 'पूर्ववत केलेला' अशा बिरुदासह विकणारेही वाढले आहेत. माझी तक्रार मागणीबद्दल नाही, 'पूर्ववत' या शब्दाबद्दल आहे. कोणत्या 'पूर्वी'सारखा? कारखान्यातून बाहेर पडला त्या दिवसासारखा, की पहिल्या मालकाने वीस वर्षे वापरल्यावर जसा होता तसा? वर्गात पाठचिकित्सा शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही.

तो पडला माझ्या टेबलावरच्या कॅनोनेटमुळे. कॅनन कंपनीने १९७२ साली बाजारात आणलेला 'जी-थ्री क्यूएल सेव्हन्टीन'. शहागंजच्या बाजूला पूर्वी स्टुडिओ चालवणाऱ्या एका वृद्ध छायाचित्रकाराकडून मी तो विकत घेतला. त्यांच्याकडे तो आखातात नोकरीला गेलेल्या नातेवाइकामार्फत आलेला. १९९१ पूर्वीच्या आयात-निर्बंधांच्या काळात असे कॅमेरे आपल्याकडे बहुधा याच वाटेने येत. सामान्य घरात आग्फाचा क्लिक-थ्री असला तरी त्याचे कोण कौतुक असे!

या कॅमेऱ्यात आपण भिंगातून पाहत नाही, भिंगाच्या शेजारच्या खिडकीतून पाहतो. त्या खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकोन असतो आणि त्यात समोरच्या वस्तूची दुसरी, किंचित सरकलेली प्रतिमा दिसते. ती थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या खिडकीतून, एका अर्धपारदर्शक आरशावरून परावर्तित होऊन येते. भिंगाचे कडे फिरवीत गेले की दोन प्रतिमा जवळ येतात. त्या एकमेकींवर बसल्या की वस्तू नेमकी फोकसमध्ये आली. आरसा उचलला जाण्याचा खटका नाही, त्यामुळे आवाज अगदी अल्प. चौकटीच्या बाहेर उभा असलेला माणूसही दिसत राहतो, हे मला विशेष आवडते. (भिंगावरचे झाकण काढायचे राहिले तरी दृश्य स्वच्छ दिसते, ही या रचनेची जुनी थट्टा.)

माझ्या हाती आला तेव्हा कॅमेऱ्याची पाने, म्हणजे शटरची पाती, वाळलेल्या तेलाने चिकटली होती. मागच्या दारातून प्रकाश आत येऊ नये म्हणून लावलेला फोम राळेसारखा काळा चिकटा झाला होता. पिवळा चौकोन फिकट पडला होता आणि त्यातील प्रतिमा खाली घसरली होती. या वयाच्या कॅमेऱ्यांचे हे ठरलेले आजार. जुन्या बाजारातील एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराने पाती धुऊन दिली. अर्धपारदर्शक आरशाला मात्र त्याने कापड लावू दिले नाही. नुसत्या फुंकणीने धूळ उडवली. "सर, ये पोंछने की चीज नहीं," एवढेच म्हणाला. त्या आरशावरचा लेप इतका तलम असतो की स्वच्छ करण्याच्या उत्साहात तोच पुसला जातो आणि दुसरी प्रतिमा कायमची मावळते.

खालचे झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला टोकदार हत्याराने कोरलेली एक तारीख सापडली : १४-८-८३. आधीच्या कुणा कारागिराची. पोथीच्या अखेरीस लेखनिक शक आणि संवत्सर नोंदवतो, तशी ही पुष्पिका. 'पूर्ववत' करणारा विक्रेता ती पॉलिश पेपरने घासून टाकील, कारण कारखान्यातून निघताना ती नव्हती. हस्तलिखितांशी थोडाफार संबंध आलेल्या कोणालाही या घासण्यातला अनर्थ वेगळा सांगायला नको.

आपल्या जिल्ह्यात याचे मोठे उदाहरण भिंतींवरच आहे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांच्या रक्षणासाठी चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला धरून ठेवला, त्याबद्दल त्यांचे ऋण मान्यच करावे लागेल. परंतु चित्रांवर त्यांनी लाखेचा पारदर्शक थरही दिला. तो थर काळाच्या ओघात पिवळा पडला, काळवंडला, आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो उतरवण्यात वर्षानुवर्षे खर्ची घालावी लागली. गिलावा धरून ठेवणे आणि वरून चमक देणे ही दोन कामे एकाच हेतूने, एकाच हातांनी झाली. पण पहिल्याने चित्रे वाचली आणि दुसऱ्याने झाकोळली. कॅमेऱ्याच्या बाबतीत मी हाच निकष लावतो. उद्या काढून टाकता येईल असा फोम बसवावा. जी वस्तू पुन्हा मागे घेता येणार नाही, तिला हात लावू नये.

माझे एक सहकारी यावर आक्षेप घेतात. कॅमेरा वापरायचाच आहे, तर तो संग्रहालयातल्या वस्तूसारखा का जपायचा? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर याच जिल्ह्यातल्या पैठणात आहे. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ती कपाटासाठी नव्हती, पठणासाठी होती. अपपाठ दूर केले आणि पुढच्यांनी आपल्या ओव्या त्यात घालू नयेत असे बजावून ठेवले. राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, तेव्हा त्यांची ओढ वेगळी होती, मूळ रूपाकडे जाण्याची. दोन्ही प्रयत्नांना विद्वत्तेत जागा आहे. पण दुरुस्ती करणाऱ्याने, मला वाटते, नाथांच्या बाजूला उभे राहावे : वस्तू चालती करावी, मधे घुसलेले काढावे, स्वतःचे काही घालू नये. नवे रंगीत कातडे ही मला घातलेली ओवी वाटते.

मूळ रूपाकडे जाण्याचा हट्ट एका ठिकाणी तर पारच कोसळतो. या कॅमेऱ्याचा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालण्यासाठी बनवलेला. तो सेल आता मिळत नाही. साधा अल्कलाइन सेल घातला तर दाब जास्त पडतो, मापकाला उजेड आहे त्याहून अधिक वाटतो आणि चित्र काळोखी येते. जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन या सेलसाठी हळहळतात. मला ती हळहळ वाटत नाही. कॅनोनेटचे हे मॉडेल निघाले, त्या वर्षी यूजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ जपानमधल्या मिनामाता येथे राहून, चिस्सो कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने पंगू झालेल्या माणसांची छायाचित्रे घेत होते. तो पारा सेलमधला नव्हे, हे खरे. पण पाऱ्याच्या वापरावर बंधने घालणारा २०१३ चा आंतरराष्ट्रीय करार त्या गावाचेच नाव घेऊन उभा आहे. श्रवणयंत्रातला झिंक-एअर सेल १.४ व्होल्ट देतो. एकदा चिकटपट्टी काढली की फार दिवस टिकत नाही, पण काम भागवतो. तोही नसला तरी शटर चालतेच. भर उन्हात शंभरच्या फिल्मला एफ-सोळा आणि सव्वाशेवा भाग सेकंद, हे गणित मापकाशिवायही पाठ करता येते.

एक गोष्ट राहिली, ती या कंपनीच्या नावाची. गोरो योशिदा यांच्या गटाने १९३४ मध्ये आपल्या पहिल्या नमुन्याला 'क्वानॉन' म्हटले. क्वानॉन म्हणजे जपानी कान्नोन, म्हणजेच आपला अवलोकितेश्वर. आरंभीच्या बोधचिन्हात सहस्रभुज कान्नोन होती आणि भिंगाचे नाव होते 'कश्यपा', महाकाश्यपावरून. पुढच्याच वर्षी 'कॅनन' हे नाव नोंदवले गेले आणि बोधिसत्त्व मागे पडला. भाषेच्या अभ्यासकाला यात एक गंमत आहे. संस्कृत नावात 'अवलोकित' आहे, पाहणे आहे. जपानी नावाचा अर्थ मात्र जगाचा आवाज पाहणारा असा होतो. पाठभेदातून अर्थ कसा सरकतो, हे दाखवायला मी हे उदाहरण वर्गात वापरू लागलो आहे.

विद्यापीठामागच्या डोंगरात, औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात, अष्टमहाभयांतून तारणाऱ्या अवलोकितेश्वराचा मोठा शिल्पपट आहे. आग, तलवार, साप, हत्ती, फुटलेले जहाज. प्रत्येक संकटापुढे हात जोडलेली लहान माणसे. एम.ए.च्या दोन विद्यार्थिनींनी गेल्या महिन्यात कॅनोनेटमध्ये कृष्णधवल रोल घातला आणि तिथे सकाळ घालवली. छत्तीसपैकी अकरा चित्रे नीट आली. बहुतेक चित्रांत बोधिसत्त्व कडेला आणि ती लहान माणसे मध्यभागी आली आहेत. हे मुद्दाम केले का, असे विचारल्यावर दोघींची उत्तरे जुळली नाहीत. कॅमेऱ्याच्या वरच्या पत्र्यावरचा पोचा मी तसाच ठेवला आहे. पुढचा रोल कोणी घालायचा यावरून सध्या विभागात वाद आहे.