लॅव्हेंडरचं खरं देणं

लॅव्हेंडरचा विषय निघाला की रेने-मॉरिस गॅटफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाची गोष्ट हमखास सांगितली जाते. १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात तो भाजला, त्याने हात लॅव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला आणि जखम चुटकीसरशी बरी झाली! ही झाली दंतकथा. १९३७ च्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिलं ते याहून मोलाचं आहे: जखमा सडू लागल्या होत्या आणि लॅव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर ते सडणं थांबलं. या वनस्पतीचं खरं धन फुलाच्या इवल्याशा पाकळ्यांत नसून त्यांच्याखालच्या निदलपुंजात, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणात आहे. तिथल्या शिरांमधल्या सूक्ष्म ग्रंथींत तेल साठतं. बोटांत चुरडलं की त्या फुटतात आणि वास दरवळतो. तेलातले मुख्य घटक लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट. जर्मनीत याच तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल बेचैनीवर औषध म्हणून मिळते. २०१० च्या एका चाचणीत चिंताविकाराच्या रुग्णांवर तिचा परिणाम लोराझेपाम या चिंतेवरच्या औषधाच्या तोडीचा दिसला. आपल्याकडे जम्मूतल्या भदरवाहच्या शेतकऱ्यांनी मक्याऐवजी हे पीक घेऊन संसार सावरले. पण बाजारातल्या बाटलीतलं तेल म्हणजे ती जर्मनीतली कॅप्सूल नव्हे. ते पोटात घेऊ नका, खोबरेल तेलात पातळ करूनच त्वचेला लावा, आणि चिंतेने आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल तर सुगंधावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जा.