बैठकींचा नवा हंगाम

१९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव करोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ या दोन्ही डिसेंबरांत होऊ शकला नाही, आणि २०२२ मध्ये मुकुंदनगरात तो पुन्हा भरला, तेव्हा रसिकांना झालेला आनंद अकृत्रिम होता. परंतु ज्यांना एवढा लोकाश्रय नाही, त्या गावोगावच्या संगीत मंडळांपुढे हंगाम आखताना जो पेच उभा आहे, त्याची दखल घेणे अगत्याचे आहे. वर्गणीदार वयोवृद्ध, काही कायमचे अंतरलेले. सभागृहाचे भाडे मात्र चुकत नाही. जमाखर्चाची तोंडमिळवणी करताना पहिली कात्री साथीदारांच्या बिदागीला लागावी, हे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते, कारण ज्या तबलावादकांनी टाळेबंदीचे महिने बैठकीवाचून काढले, त्यांच्याकडूनच पुन्हा त्यागाची अपेक्षा करणे न्यायाचे नव्हे. त्यापेक्षा बैठका कमी कराव्यात, विद्यार्थ्यांना विनामूल्य बसू द्यावे आणि जुन्या सभासदांसाठी सतरंजीमागे भिंतीलगत खुर्च्यांची तजवीज करावी. पडद्यावर गाणे ऐकू येते हे खरे. पण तानपुरे जुळत असताना जवारीचा दोरा किंचित सरकताच खर्ज भरून येतो आणि सारी खोली निःशब्द होते, तो क्षण तेथे नाही.