घड्याळ तर आहेच, मग बनवायचे कशाला?

"सर, स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ आहेच की! मग आपण कशाला बनवायचे?" आठवीतल्या एका मुलाने विचारले. आम्ही पायथनमध्ये डिजिटल घड्याळ बनवत होतो. एक खिडकी आणि तिच्यात ठळक तास, मिनिटे, सेकंद. पायथन फुकट मिळते, वीसेक ओळींत काम होते.

उत्तर शोधायला नालवाडीपासून लांब जावे लागत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे राष्ट्रपती झाले. मुलाने हाताने काही घडवावे आणि त्यातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकावे, हा त्या योजनेचा गाभा. कापड तेव्हाही बाजारात मिळतच होते, तरी वर्गात तकली आली.

संगणकाचा तासही असाच असावा, असे माझे मत आहे. टायपिंग आले, ऑनलाइन फॉर्म भरता आला, की पोरगा संगणक शिकला असे आपण समजतो. हे वापरणे झाले. घडवणे राहिलेच.

घड्याळ घडवताना चुकाच जास्त शिकवतात. एकाने 'वेळ दाखव, एक सेकंद थांब, पुन्हा दाखव' असे चक्र लिहिले आणि खिडकीच गोठली, कारण प्रोग्रामच झोपला तर खिडकीकडे बघणार कोण? मग 'आफ्टर' ही सोय समजली: सेकंदाने मला हाक मार, तोवर तुझे काम चालू दे. एका मुलीने दर वेळी एक सेकंद मिळवत जायचे ठरवले. असे घड्याळ हळूहळू मागे पडते. म्हणून आकडा आपण मोजायचा नाही, दर वेळी संगणकाच्या घड्याळाला विचारायचा. नंतर मुलांनी उर्दू आकडे बसवले. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, पण संख्या डावीकडूनच वाचतात, म्हणून तास डावीकडेच राहिले.

मग खरा प्रश्न आला: ही वेळ कुठली? भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. वर्धा साधारण ७८.६ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आपला सूर्य या वेळेच्या पंधरा-सोळा मिनिटे मागे. नागपूर आपल्या पूर्वेला, सुमारे अर्धा अंश. तिथला सूर्य साधारण दोन मिनिटे आधी मावळतो. नागपूरच्या वेळापत्रकात हा फरक न मिळवता वर्ध्यात इफ्तार केली, तर सूर्य मावळण्याआधीच रोजा सुटू शकतो. वर्गात एकदम शांतता झाली. गणित थेट दस्तरखानावर आले होते.

चौदाव्या शतकात दमास्कसच्या उमय्या मशिदीत इब्न अल-शातिर मुवक्कित होते, म्हणजे नमाजाच्या वेळा काढणारे. त्यांनी मशिदीसाठी सूर्यघड्याळ बनवले. वेळ काढणे ही तेव्हा विद्या होती. आपण ती भिंतीवरच्या छापील कागदावर सोपवली.

"परीक्षेत हे येणार आहे का?" असे काही पालक विचारतात. नाही येणार. पण रमजानमध्ये वेळ कशी निघाली हे सांगणारे मूल घरात असेल, तर ते त्यांना नको आहे का? शाळेत बंद पडून असलेला एखादा संगणक उघडा, मुलांना बसवा. पहिले घड्याळ चुकीचे चालेल. चालू द्या.